चिखल खरा, शर्यत खोटी

मराठी विभागाच्या संपादकांनी यंदा नोटीस बोर्डावर स्पष्टच लिहिलं होतं, "पाऊस, मैत्री आणि पहिलं प्रेम सोडून कशावरही लिहा." पावसावर लिहायचं नाही म्हटल्यावर मी चिखलावर लिहायचं ठरवलं! तोही टीव्हीतल्या.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी ही आमची घरात बोलायची आणि शाळेत बोललं तर दंड भरायची भाषा. त्यामुळे या लेखात 'परिप्रेक्ष्य' वगैरे सापडणार नाही. 'जाम' आणि 'भन्नाट' सापडतील. चालवून घ्या.

तर विषय असा. आमच्या विंगमध्ये गेल्या वर्षी एक जुना प्लेस्टेशन ३ आला. रूम पार्टनरचा दादा नोकरीसाठी बंगलोरला गेला, सामान कमी करताना त्याने तो बहिणीच्या गळ्यात मारला. सोबत दोन डिस्क. एक 'मोटरस्टॉर्म' आणि दुसरी तिचाच पुढचा भाग, 'मोटरस्टॉर्म : पॅसिफिक रिफ्ट'. रात्री दहानंतर कॉमन रूममधल्या सिरियल संपल्या की टीव्ही आमचा. पहिला मोटरस्टॉर्म जपानमध्ये डिसेंबर २००६ ला आणि अमेरिका-युरोपात मार्च २००७ ला आला, म्हणजे तेव्हा मी दुडूदुडू चालत असेन. इतक्या जुन्या गेमवर आता कशाला लिहायचं, असं कोणी विचारेल. मला विचाराल तर जुन्या गेमवरच नीट बोलता येतं. जाहिराती संपलेल्या असतात, त्याचे फॅन नोकरीला लागलेले असतात, आणि उरतो तो फक्त गेम.

"मुलींच्या हॉस्टेलमध्ये गाड्यांचा गेम?" हा प्रश्न मला या वर्षात किमान सहा जणांनी विचारलाय. उत्तर : हो. पुढे वाचा.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडमध्ये चेशायर परगण्यात रनकॉर्न म्हणून गाव आहे. तिथल्या इव्होल्यूशन स्टुडिओजने हा गेम बनवला. त्याआधी ही मंडळी प्लेस्टेशन २ साठी वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपचे गेम बनवायची, म्हणजे कच्च्या रस्त्याशी त्यांची जुनी ओळख. मोटरस्टॉर्म ही एक काल्पनिक जत्रा आहे. अमेरिकेतल्या मॉन्युमेंट व्हॅलीसारखं लाल खडकांचं वाळवंट, त्यात तंबू, गाणी, पब्लिक, आणि शर्यतीत वाट्टेल ती गाडी. सात प्रकार आहेत : मोटरसायकल, एटीव्ही, बग्गी, रॅली कार, रेसिंग ट्रक, मडप्लगर नावाचा बुटका दणकट प्रकार, आणि बिग रिग, म्हणजे आपल्या हायवेवरच्या ट्रकचा पैलवान भाऊ. हे सगळे एकाच शर्यतीत, एकाच वेळी! मोटरसायकलवाला आणि ट्रकवाला शेजारी शेजारी उभे. आपल्या कोणत्याही हायवेवर हे रोज दिसतं म्हणा, पण तिथे कोणी मेडल देत नाही.

आता गेमची खरी गंमत. त्यातली जमीन.

आपण बहुतेक गाड्यांच्या गेममध्ये जो रस्ता पाहतो तो चित्र असतो. पहिल्या फेरीत जसा, तसाच शेवटच्या फेरीत. वरून शंभर गाड्या गेल्या तरी त्याला काही फरक पडत नाही. मोटरस्टॉर्ममध्ये मात्र चिखलातून गाडी गेली की चर पडतो, आणि तो चर शर्यत संपेपर्यंत तिथेच राहतो. 'मडपूल' नावाचा ट्रॅक पहिल्या फेरीत बऱ्यापैकी सपाट असतो. सगळे त्यावरून गेले की त्याची राड होते. दुसऱ्या फेरीत तुम्ही आधीची तीच सुंदर लाइन पकडायला जाता आणि लक्षात येतं की तुमच्या आधी तिथून एक बिग रिग गेलाय. मोटरसायकलचं चाक त्या चरात जातं आणि पुढे काय होतं ते गेम तुम्हाला स्लो मोशनमध्ये प्रेमाने दाखवतो.

मराठीत 'चाकोरी' हा शब्द आपण निबंधात वापरतो. चाकोरीबद्ध जीवन, चाकोरीबाहेरचा विचार वगैरे. माझ्यासारखीला तो शब्द नुसता पाठ होता. चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी पडलेली वाट, हे मला आजोबांनी सांगितलं. ओल्या मातीत एकाची चाकं गेली की मागच्याची आपोआप त्यातच जातात, बाहेर काढायची तर बैलाला जोर लावावा लागतो. हे सगळं मला समजलं ते गेममध्ये, हातात कंट्रोलर धरून. आजोबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते.

हे करायला सोपं नाही हे इंजिनिअरिंगच्या पब्लिकला वेगळं सांगायला नको. चित्र एकदा काढून ठेवता येतं. पण प्रत्येक चाकाखाली माती किती दबली याचा हिशेब चालू शर्यतीत करायचा, तो लक्षात ठेवायचा आणि पुढच्या फेरीत येणाऱ्या प्रत्येक गाडीला त्याच हिशेबाने हादरे द्यायचे, म्हणजे काम आहे. प्लेस्टेशन ३ मध्ये सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून बनवलेला सेल नावाचा प्रोसेसर होता, ३.२ गिगाहर्ट्झचा. मेमरी मात्र २५६ एमबी साधी आणि २५६ एमबी ग्राफिक्ससाठी, बस. आज मेसवाल्या काकांच्या फोनमध्येही याच्या कितीतरी पट असते. तेवढ्यात त्यांनी हा चिखल बसवला. माझ्या मते अख्ख्या मालिकेत इंजिनिअरिंग म्हणून सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

आणि हा चिखल नुसता दाखवायला नाही, त्यावर अख्खा खेळ उभा आहे. ट्रॅकवर एकच रस्ता नसतो. खाली दलदल, मध्ये खडी, वर खडकाच्या कडेने अरुंद पायवाट. बिग रिगला दलदल म्हणजे घरचं अंगण. मोटरसायकल तिथे रुतते, म्हणून तिने वरून जायचं. वरून जाताना दरी आहे, खाली जाताना ट्रक आहेत. 'रेनगॉड स्पायर्स'वर मी रॅली कार घेतली तर एक शर्यत असते, बग्गी घेतली तर दुसरीच. ट्रॅक फक्त आठ आहेत, आणि तेव्हाच्या बऱ्याच समीक्षकांनी यावरच बोट ठेवलं की ट्रॅक कमी. मला हे पटत नाही. आठ ट्रॅक गुणिले सात गाड्या असा हिशेब केला तर कमी नाहीत. तक्रार करायची तर गाडी निवडायच्या स्क्रीनची करा. एक गाडी दिसायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात एखाद्या जर्नलची इंडेक्स लिहून होते. (लिहिलीय.)

आता आमच्या कॉलेजच्या बाहा टीमबद्दल. बॉइज हॉस्टेलमधले हे आमचे मित्र वर्कशॉपमध्ये रात्र रात्र पाइप वाकवत बसतात, त्यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण त्यांच्यासमोर मोटरस्टॉर्मचं नाव काढलं की ते असं तोंड करतात की जणू मेसमध्ये परत दुधी आलाय. "हा काय गेम आहे? सस्पेन्शन असं वागतं का? तीस फुटांवरून पडून गाडी तशीच पळते? आर्केड आहे गं, टाइमपास. खेळायचं तर सिम्युलेशन खेळ."

'आर्केड' हा शब्द ते शिवीसारखा वापरतात. माझा पहिला मुद्दा इथे आहे.

सोपा गेम आणि खोटा गेम यांत फरक आहे. आर्केड गेम म्हणजे ज्यात नियम थोडे असतात, ठळक असतात आणि बहुतेक बनवलेले असतात. मोटरस्टॉर्मचा बूस्टच घ्या. बटण दाबून ठेवलं की गाडी सुसाट सुटते, पण इंजिन तापतं. कोपऱ्यात तापमानाचा काटा असतो. तो पूर्ण भरला की गाडीचा स्फोट! सोडलं की थंड होतं. खऱ्या इंजिनाला असं काही होत नाही, थर्मोडायनॅमिक्सच्या मॅडमना दाखवलं तर त्या वायवातच हाकलतील. पण हा नियम प्रामाणिक आहे. काटा सगळ्यांना दिसतो, आणि धोका किती घ्यायचा हे आपण ठरवतो. यातूनच एक भन्नाट युक्ती निघते : शेवटच्या वळणानंतर बटण सोडायचंच नाही, आणि स्फोट बरोबर फिनिश लाइनवर होऊ द्यायचा. गाडीचे तुकडे लाइन पार करतात आणि तुम्ही पहिले! आमच्या विंगमध्ये याला 'सबमिशन' म्हणतात.

बाहाचंच उदाहरण देते. बाहा एसएईइंडिया ही स्पर्धा २००७ पासून होते, इंदूरजवळ पिथमपूरला आपली पोरं किती वर्षं जातायत. तिथे वर्षानुवर्षं सगळ्या टीमना सारखंच इंजिन, १० हॉर्सपॉवरचं. हा नियम निसर्गाने केलाय का? खऱ्या जगात सगळ्यांकडे सारखं इंजिन असतं का? नाही. माणसांनी बसून बनवलेला नियम आहे. पण तो छापलेला आहे, सगळ्यांना आधीच माहीत आहे, आणि शर्यतीच्या मधेच बदलत नाही. म्हणून चार तासांच्या एन्ड्युरन्समध्ये जो टिकतो त्याला आपण मानतो. आणि त्या एन्ड्युरन्समध्ये तिसऱ्या तासाला ट्रॅकवर गुडघाभर चर पडलेले असतात हे मला बाहाच्याच पोरांनी सांगितलंय. मग ज्या सिम्युलेशनच्या ट्रॅकवर चरच पडत नाहीत ते खरं, आणि ज्या आर्केडमध्ये पडतात ते खोटं? हे गणित मला कोणीतरी समजावून सांगावं.

इथपर्यंत मी मोटरस्टॉर्मची वकील. आता सरकारी वकील.

दोन आठवडे खेळल्यावर मला आणि पार्टनरला एक शंका आली. आपण कितीही मस्त चालवली, एकदाही न आपटता, तरी शेवटच्या फेरीत मागून कोणीतरी येतंच. आणि दोनदा दरीत पडलो तरी पुढचे फार लांब जात नाहीत. जणू आपली वाट बघत थांबलेत. मग आम्ही मुद्दाम प्रयोग केला. तोच ट्रॅक, तीच गाडी. एकदा जीव तोडून चालवायची, एकदा पहिली फेरी आरामात, शेंगदाणे खात. शेवटच्या फेरीत परिस्थिती जवळपास तीच! आरामात चालवलेल्या शर्यतीतही पहिल्या काही गाड्या हाताच्या अंतरावर, आणि जीव तोडलेल्या शर्यतीतही मागचा मानगुटीवर.

या प्रकाराला रबर-बँडिंग म्हणतात, आणि मोटरस्टॉर्मबद्दल ही तक्रार तेव्हापासून सगळ्यांची आहे. कंट्रोल सिस्टीम्स शिकलेल्यांना एका ओळीत कळेल : तुमच्यातलं आणि बाकीच्यांतलं अंतर हा एरर, आणि तो कमी राहावा म्हणून बाकीच्यांचा वेग कमी-जास्त करणारा फीडबॅक. तुम्ही पुढे गेलात की त्यांच्या गाड्यांना पंख फुटतात, मागे पडलात की त्यांचे पाय जड होतात. जणू सगळ्या गाड्या तुमच्या बंपरला रबराने बांधल्यात.

याने काय होतं बघा. ज्या चिखलासाठी या लोकांनी एवढी मेहनत केली, तोच चिखल फुकट जातो! मी पहिल्या फेरीत डोकं लावून वरची वाट निवडली, चर चुकवले, बूस्ट जपून वापरला. त्यातून मिळवलेले सेकंद गेमने गुपचूप काढून घेतले. मग पहिल्या दोन फेऱ्या खेळायच्याच कशाला? शेवटच्या फेरीतली शेवटची वळणं खेळा, बाकी सगळं शोभेला. जमीन तुमचं प्रत्येक चाक लक्षात ठेवते आणि शर्यत मात्र तुमचं काहीच लक्षात ठेवत नाही.

याच्या बाजूने बोलणारेही आहेत, आमच्याच विंगमध्ये. त्यांचं म्हणणं असं की हे नसेल तर जिला चांगलं येतं ती पहिल्या मिनिटाला पुढे जाईल आणि बाकी वेळ एकटीच रिकाम्या वाळवंटात फिरेल. मजा काय? आणि जिला येत नाही ती पहिल्याच आपटीनंतर कंट्रोलर ठेवून देईल. यात तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही. नवशिक्या माणसाला शर्यतीत ठेवलं पाहिजे.

पण लहानपणी गल्लीत खेळताना आपण हे कसं करायचो? कोणाचा तरी छोटा भाऊ मधे मधे यायचा. त्याला घ्यायचं तर होतं, पण त्याला आऊट करून रडवायचं नव्हतं. मग त्याला 'कच्चा लिंबू' करायचं. तो आऊट झाला तरी आऊट नाही, त्याच्यावर राज्य नाही. आणि हे सगळ्यांना माहीत असायचं, ओरडून सांगितलेलं असायचं. त्यालाही माहीत असायचं, म्हणून तर तो लवकर मोठा व्हायला बघायचा. मारिओ कार्टमध्ये मागे पडलेल्याला जास्त चांगली हत्यारं मिळतात, १९९६ च्या मारिओ कार्ट ६४ पासून तर पहिल्या नंबरवाल्याला शोधून हाणणारं निळं कासवाचं कवच आहे. त्यावर लोक चिडतात, शिव्या घालतात, पण ते येताना दिसतं. आज माझ्यावर पडलं, उद्या तुझ्यावर. हे उघड आहे. मोटरस्टॉर्मने मला न सांगता कच्चा लिंबू केलं, आणि जिंकल्यावर वर गोल्ड मेडल दिलं. राग त्याचा आहे. अवघडपणाची पायरी निवडायला द्यायची होती, "तुझ्यासाठी बाकीच्यांना हळू करू का" असं विचारायचं होतं. मी हो म्हटलं असतं सुद्धा, परीक्षेच्या काळात तर नक्कीच.

(ज्यांच्या विषयाचं ग्रेडिंग रिलेटिव्ह आहे त्यांना हा परिच्छेद जास्त झोंबेल. त्यावर लिहायला वेगळा अंक लागेल आणि प्राचार्य सर तो छापणार नाहीत.)

खोटेपणाची सुरुवात तशी आधीच झाली होती. २००५ च्या ई-थ्री प्रदर्शनात सोनीने प्लेस्टेशन ३ ची घोषणा करताना मोटरस्टॉर्मचा एक व्हिडिओ दाखवला. चिखलाचा एकेक थेंब उडतोय, हवेत गाड्यांचे सुटे भाग वेगळे होतायत. लोक वेडे झाले. नंतर कळलं की तो चालू गेम नव्हताच, आधीच रेंडर करून ठेवलेली फिल्म होती. गेम आला तेव्हा तो चांगलाच दिसत होता, पण तसा नाही. आपल्याकडे फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या पहिल्या प्रेझेंटेशनला जे होतं तेच. स्लाइडवर रोबोट जिने चढतो, आणि मे महिन्यात एक्स्टर्नलसमोर टेबलावरून खाली पडतो. फरक इतकाच की आपल्याला कोणी पैसे दिलेले नसतात. त्या व्हिडिओबद्दल स्टुडिओवाल्या पोरांना मी फार दोष देत नाही. तो बघून ज्यांनी 'हे असं करून दाखवा' म्हटलं असेल, त्यांच्यामुळेच बहुतेक हा चिखल एवढा चांगला झाला.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. प्लेस्टेशन ३ सोबत सुरुवातीला जो कंट्रोलर यायचा, सिक्सअॅक्सिस, त्यात व्हायब्रेशनच नव्हतं! खड्डे, दगड, दलदल यांवरचा गेम, आणि हाताला एक हादरा नाही. सोनीचं तेव्हाचं म्हणणं, कंट्रोलर वाकवून चालवायचा सेन्सर आहे, त्यात हादरे आले तर गडबड होईल. दुसरीकडे हादऱ्यांच्या पेटंटवरून इमर्शन नावाच्या कंपनीशी कोर्टात भांडण चालू होतं. ते मार्च २००७ मध्ये मिटलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी जपानमध्ये हादरणारा ड्युअलशॉक ३ आला. दादाने दिलेल्या दोन कंट्रोलरपैकी एक जुना, एक नवा. नव्या कंट्रोलरवरून आमच्या विंगमध्ये आजवर तीन वेळा अबोला झालाय.

अबोल्यावरून आठवलं. पहिल्या मोटरस्टॉर्ममध्ये एका टीव्हीवर दोघींनी खेळायची सोयच नव्हती. ऑनलाइन १२ जण खेळू शकत होते, ते सर्व्हर कधीच बंद झाले. म्हणजे आज डिस्क टाकली की एकटीने खेळा, आणि तेही त्या रबराने बांधलेल्या गाड्यांशी. बाकीच्या चौघी सोफ्यावर बसून "अगं डावीकडे, डावीकडे!" करणार. हॉस्टेलच्या दृष्टीने हा गुन्हाच. १९८९ मध्ये 'सुपर ऑफ रोड' नावाचं आर्केड मशीन आलं होतं, त्यात एकाच स्क्रीनसमोर तीन स्टिअरिंग बसवलेली. तिघांनी खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि छोट्या छोट्या ट्रकनी चिखलाच्या उंचवट्यांवर उड्या मारायच्या. चित्रं एकदम बाळबोध. पण कच्च्या रस्त्याच्या शर्यतीत शेजारी जिवंत माणूस हवं, हे त्यांना तेव्हा कळलेलं. २००६ च्या लोकांना ते विसरायला झालं.

म्हणून मी 'पॅसिफिक रिफ्ट'ला जास्त गुण देते. तो २००८ मध्ये आला. वाळवंटाऐवजी पॅसिफिकमधलं एक बेट. ट्रॅक सोळा, पृथ्वी, वायू, अग्नी, जल अशा चार भागांत वाटलेले (आकाश राहिलं, पण इंग्लंडच्या लोकांना पंचमहाभूतं कोण शिकवणार). मॉन्स्टर ट्रक हा आठवा प्रकार. पाण्यातून गाडी नेली की तापलेलं इंजिन झटकन थंड होतं, लाव्हाजवळून नेली की पटकन तापतं. किती साधी गोष्ट, पण बूस्टचा तो बनवलेला नियम एकदम जमिनीशी जोडला गेला. आता ओढ्यातून जायचं की कडेने, हा नुसता रस्त्याचा प्रश्न राहत नाही. आणि मुख्य म्हणजे चार जणांचा स्प्लिट स्क्रीन! टीव्हीचे चार तुकडे होतात, चित्र बारीक होतं, लांबचं धड दिसत नाही, हे सगळं खरं. तरी आमच्यासाठी तोच गेम. कारण समोर माणसं आहेत. इलेक्ट्रॉनिक्सची एक मैत्रीण कायम बिग रिग घेते आणि जिंकायचा प्रयत्नच करत नाही, फक्त माझ्या लाइनवर चर पाडत फिरते. हे कोणत्याही प्रोग्रॅमला सुचणार नाही.

तिसरा भाग, 'अपोकॅलिप्स', २०११ चा. त्यात भूकंपाने कोसळणाऱ्या शहरात शर्यत आहे. नेमका त्याच मार्चमध्ये जपानमध्ये खराखुरा भूकंप आणि त्सुनामी आली, सोनीला काही देशांत विक्रीची तारीख पुढे ढकलावी लागली. मी तो एका मैत्रिणीच्या घरी खेळले. इमारती पडतात, पूल तुटतात, जाम आवाज. पण ते पडणं आधी ठरवलेलं. मी कशी चालवते याच्याशी त्या इमारतीचा काही संबंध नाही. चिखल माझ्यामुळे खराब व्हायचा, इमारत माझ्याशिवायही पडणारच होती. मला तो भाग आवडला नाही.

पुढची कहाणी अशी की सोनीने २००७ मध्ये विकत घेतलेला हा स्टुडिओ मार्च २०१६ मध्ये बंद केला. तिथल्या बऱ्याच लोकांना महिन्याभरात कोडमास्टर्सने उचललं, हीच ती 'डर्ट'वाली कंपनी. २०१० मध्ये अनिल अंबानींच्या रिलायन्स गटाने तिचा निम्मा हिस्सा घेतला होता, हे आमच्या कॉमर्सवाल्या बहिणीने सांगितलं तेव्हा मी उडालेच. त्या लोकांनी तिथे २०२० मध्ये 'डर्ट ५' बनवला, आणि २०२१ मध्ये ती कंपनीच ईएने घेतली. चर पडणाऱ्या मातीचा आणखी एक आर्केड गेम होता, २००७ चा 'सेगा रॅली', त्याचा स्टुडिओही वर्षभरात बंद पडला आणि तोही कोडमास्टर्सकडेच गेला. चिखल मळणाऱ्या दोन्ही टीम एकाच दारात! खोल, रुतणाऱ्या चिखलाचं नाव मात्र आज दुसरेच गेम काढतात : २०१४ चा 'स्पिनटायर्स', २०१७ चा 'मडरनर', २०२० चा 'स्नोरनर'. उत्तम गेम आहेत, पण तिथे ट्रक ताशी दहाच्या वेगाने कण्हत चालतो आणि एक नदी ओलांडायला अर्धी रात्र जाते. बाहा टीमला फार आवडतात.

त्याच टीमला हे जाहीर आमंत्रण. गॅदरिंगच्या आठवड्यात कॉलेजच्या कॉमन रूममध्ये, प्राचार्य सरांची परवानगी काढायचं काम मराठी विभागाचं. डिस्क आमची, 'पॅसिफिक रिफ्ट'. कंट्रोलर दोन आहेत, उरलेले दोन तुम्ही आणा. तुम्ही दोघं, आम्ही दोघी. गाडी हवी ती घ्या, सस्पेन्शनवर नंतर बोलू. फक्त बिग रिग मागू नका, ती इलेक्ट्रॉनिक्सवालीने आधीच बुक केलीय.